चिंचोके ठेवून वाचणारे नक्शेमामा

नक्शेमामा कॉमिक वाचायला बसले की आधी चिंचोक्यांचा डबा काढत. पुस्तक मांडीवर न घेता चटईवर सपाट उघडत आणि पात्रांच्या तोंडातून निघालेल्या प्रत्येक फुग्यावर चिंचोके मांडत. एकही अक्षर दिसता कामा नये. मग हात मागे टेकून नुसती चित्रं बघत बसत. पान कळलं असं वाटलं की चिंचोके गोळा करून डब्यात, आणि मगच शब्द. एका पानाला असा अर्धा तास जायचा. मी सातवी-आठवीत होते, बाजूला बसून माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. मला पुढे काय झालं ते हवं असायचं आणि यांचं चिंचोके मांडणं काही संपायचं नाही.

"पहिले चित्राले बोलू दे," ते म्हणत. "शब्द काय, ते घुसतेच मधात."

चिंचोके काढल्यावर कानामागची पेन्सिल निघायची. चित्रात घर पेटलेलं असे आणि फुग्यात लिहिलेलं असे, ‘अरे, घराला आग लागली.’ मामा त्या वाक्यावर आडवी रेघ ओढत. "दिसून राह्यली ना बाप्पा आग. मंग तोंडानं काऊन सांगून राह्यला? बालटी घे न." त्यांच्याकडचं एकही कॉमिक अशा रेघांशिवाय नव्हतं. उसनं आणलेलंही नाही. त्यामुळे पुढे पुढे त्यांना कोणी उसनं देईनासं झालं.

मामा सर्व्हे खात्यात होते. महाराष्ट्राच्या सीमेलगत, तेलंगणातल्या जैनथ मंडलात असलेल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या दहा गावांत शेताची हद्द मोजायची तर मामांनाच बोलावत, म्हणून नक्शेमामा. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. आमचं घर त्यांच्या मागच्या गल्लीत. माझी आई त्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि मी शाळा सुटली की त्यांच्या ओसरीवर कॉमिक वाचायला. त्यांच्या झोळ्यात नक्शांच्या गुंडाळीबरोबर दोन-तीन कॉमिक कायम असत. एकदा दोघा भावांच्या भांडणात मोजणी करायची होती आणि ते काही केल्या गप्प बसेनात. मामांनी दोघांच्या हातात मिळून एक कॉमिक दिलं आणि निंबाखाली बसवलं. मोजणी होईपर्यंत शांत होते म्हणे. मग पान कोणी उलटायचं यावरून पुन्हा जुंपली.

दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी सुटते, तिला मामा धुरा म्हणत. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुराच म्हणतात. "इकडच्या चौकटीत माणूस हिरीवर हाय, तिकडच्या चौकटीत घरी पोचला," ते सांगत. "मधातला रस्ता कोन चालला? चित्रकार नाई चालला. तू चालली. म्हणून वाचणारा थकला पाह्यजे थोडासा." सगळी गंमत धुऱ्यावर असते, शेतात नाही, हे त्यांचं मत. मोजणीत आयुष्य काढलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार.

उडणाऱ्या, इमारती उचलणाऱ्या वीरांबद्दल त्यांना आकस नव्हता. उडू दे म्हणायचे. फक्त त्याची सावली कुठे पडली ते शोधायचे. एका चौकटीत सावली डावीकडे आणि लगेच पुढच्या चौकटीत उजवीकडे असली की पुस्तकच मिटून ठेवत. "ज्याले उत्तर दिशा कुठं हाय ते मालूम नाई, तो जग काय वाचवते?" मी हसायचे. पण अजूनही एखादं पान चाळताना माझे डोळे आधी सावल्या बघतात. ही खोड आता जायची नाही.

पुढे मी शिकायला हैदराबादला गेले आणि जरा शहाणी होऊन परत आले. पहिल्याच सुटीत मामांना ऐकवलं, की आता याला कॉमिक म्हणत नाहीत, ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. मामा म्हणाले, "नाव मोठं ठेवलं म्हणून चित्र सुधरते काय?" मी हट्टाने बॅगेतून एक काढून दिलं. काळंपांढरं, एका मुलाची आणि त्याच्या आजारी बापाची गोष्ट. मामींनी चहा आणून ठेवला. मामांनी चिंचोके मांडले, उचलले, पुन्हा मांडले. तासाभराने मामी कप न्यायला आल्या तर चहावर साय धरलेली. त्या दिवसापासून मामांनी दोन वर्ग केले, एक चहासोबत वाचायचे आणि दुसरे चहा थंड करणारे. दोन्ही लागतात, असंही ते म्हणत. मामींचं मत मात्र पहिल्यापासून एकच होतं. "लेकराईचे पुस्तकं," असं म्हणून त्या कप उचलून आत जात. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि या नादाबद्दल कौतुकही नव्हतं.

माझ्या शहाणपणाची पुरती वाट मामांनी एकदाच लावली. हैदराबादच्या फुटपाथवरून मी इंग्रजीत आलेलं एक जपानी कॉमिक आणलं होतं, सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन पानं फाटलेलं. मी ते वाचून भारावून गेले होते. गोष्ट मरणापासून सुरू होते आणि जन्माकडे जाते, उत्तर प्रश्नाच्या आधी येतं, काय धाडस आहे. वर्गात त्यावर वीस मिनिटं बोललेही होते, आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. मामांनी पुस्तक हातात घेतलं, दोन पानं पाहिली आणि ते उलटं करून मागच्या बाजूने उघडलं. निजामाच्या काळातली जुनी दप्तरं वाचायला त्यांना उर्दू शिकावं लागलं होतं, उजवीकडून डावीकडे जायची त्यांच्या डोळ्यांना सवय. "हे तं आपल्या जुन्या दप्तरासारखं हाय," ते म्हणाले. "पोरी, तू आखं पुस्तक शेपटाकडून वाचलं." मी ते पुस्तक पुन्हा कॉलेजात नेलं नाही. मामांनी ही गोष्ट निदान गावात कोणाला सांगितली नाही, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

त्यांची तक्रार एकच होती आणि ती मात्र ते थट्टेत सांगत नसत. "ह्या सगळ्या चौकटीत आपल्यासारखं बोलणारा एक बी माणूस नाई," ते म्हणत. "कोनी पुस्तकातलं बोलते, कोनी हिंदीत बोलते. करून राह्यलो, जाऊन राह्यलो म्हणनारा एक नाई. चोर बी नाई. निदान चोर तरी आपला असता." मला चित्रं काढता यायची हे त्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, तू काढ. मी म्हणायचे, काढते. मग माझी नोकरी लागली, गावाजवळच्याच शाळेत मराठी शिकवायला, आणि ते काढणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

तीन वर्षांपूर्वी मामांना काचबिंदू निघाला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. कडेचं दिसायचं बंद झालं होतं, नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. मी भेटायला गेले तेव्हा रडू येईल अशी भीती वाटत होती. मामा म्हणाले, "बरं हाय एका हिशोबानं. एका वेळी एकच चौकट दिसते. पुढची चोरून पाहाची भानगडच नाई." आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "एक पुस्तक आपल्या बोलीतलं पाहून घेतो. मंग गेले तं जाऊ दे डोये."

आता टाळायला जागा नव्हती. मी माझ्या आईची गोष्ट घेतली. आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी नाटकात होते, आणि आई वेचणी अर्ध्यात सोडून पळत आली होती, तो एक दिवस. सहा पानं काढून नेली. मामांनी चिंचोके मांडले, चित्रं पाहिली, मान हलवली. मग शब्द वाचले. माझी आई आटोची वाट बघत म्हणत होती, ‘अगं बाई, किती हा उशीर झाला.’

"हे कोन व्हय?" मामांनी विचारलं.

"आई."

"तुई माय अशी बोलते?"

मला राग आला. पानं उचलून मी घरी आले आणि तीन आठवडे ब्रशला हात लावला नाही. मराठीची मास्तरीण मी, दिवसभर मुलांच्या वह्यांतलं ‘राह्यलो’ लाल शाईने खोडून ‘राहिलो’ करते, आणि तेच छापायच्या पुस्तकात लिहू? लोक काय म्हणतील, अडाणी म्हणतील. सरळ सांगते, मला माझ्या आईच्या बोलण्याची लाज वाटत होती. आईची नाही, बोलण्याची, असं मी स्वतःला समजावत होते. पण त्यात फरक काय उरतो? हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईबरोबर वेचणीला गेले आणि बायांच्या मागे मागे चालत नुसतं ऐकत राहिले. आटोवाल्याला तेलुगूत ‘आगु, आगु’ म्हणून थांबवणं, एकमेकींना हाका मारणं, सासूला शिव्या घालणं, सगळं. त्या पंधरवड्यात मी वीस पानं काढली.

मग शर्यतच लागली. मामांची नजर आकसत चालली तशी मी चौकटी मोठ्या करत गेले, रेघा जाड करत गेले. शेवटी तर एका कागदावर एकच चौकट काढायचे. मामा एकेक कागद नाकाजवळ धरून वाचत आणि हसत. कुठे कुठे खोडत. एकदा माझ्या आईच्या तोंडचं वाक्य वाचून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "आता माह्या गावात आल्यासारखं वाटते."

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या जाण्याचं काही सांगत नाही, चार माणसांचं असतं तसंच होतं. सांगायची आहे ती त्याच्या आधीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. शेवटची अकरा पानं घेऊन मी गेले होते. मामी ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होत्या. मामांनी पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, उजेडाकडे वळवलं. मग मांडीवर ठेवलं.

"काई नाई दिसत पोरी," ते म्हणाले.

अकरा पानांसाठी मला उशीर झाला होता. माझा तीन आठवड्यांचा रुसवा नसता तर झाला नसता. मी म्हटलं, मी वाचून दाखवते.

"तू नोको. तू तं तुया मनातलं सांगशीन, कागदावरचं नाई." त्यांनी मामींच्या दिशेला मान वळवली. "तू सांग."

"मले काय समजते त्यातलं," मामी म्हणाल्या. पण पदराला हात पुसून जवळ आल्या आणि पान घेतलं.

"एक बाई हाय. पयत येऊन राह्यली. चप्पल हातात हाय तिच्या, पट्टा तुटला असन." पट्टा तुटल्याचं चित्र चार पानं मागे होतं, मामींनी ते पाहिलेलं नव्हतं. "हे शायेचं फाटक. आतमंधी लेकरं नटून-सजून उभे हायेत. एक पोरगी निरा दाराकडंच पाहून राह्यली." पान उलटलं. "बाई दारात आली. लोक तिच्याकडं पाहून राह्यले. तिले समजत नाई काऊन पाह्यते ते. आता हात कमरंवर गेला तिचा." इथे मामी थांबल्या आणि त्यांचा स्वतःचा हात कमरेवर गेला. चित्रातल्या आईच्या कमरेला वेचणीची ओटी बांधलेलीच होती, कापसाने भरलेली. आई ती सोडायची विसरली होती. मामी म्हणाल्या, "मायबाई, कापूस तसाच आला माह्यासंग."

त्यांच्या बोटाखाली फुगा होता आणि फुग्यात हेच शब्द होते. अक्षरन् अक्षर. मी मामांना तसं सांगितलं.

"तू वाचलं काय?" मामांनी मामींना विचारलं.

"मले कुठं वाचता येते," मामी म्हणाल्या. "ती बोलून राह्यली, मी आयकून राह्यली."

मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग म्हणाले, "दिसलं मले."

मामींनी उरलेली पानंही सांगितली, शेवटच्या पानापर्यंत, मध्ये कोणाला बोलू न देता. शेवटचं पान खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "अनं त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"शाळेत मास्तरीण झाली," मी म्हटलं.

"मंग ते काढ," मामी म्हणाल्या. "अनं लवकर काढ. मी तुया मामासारखी वाट पाहात बसनारी नाई."