मावशीची डाळिंबी टोपी

माझी मावशी पडदे शिवते, त्यामुळे कुणाच्याही घरी गेली की चहा यायच्या आधी तिची नजर खिडकीकडे जाते. "वीतभर आखूड आहेत," असं ती माझ्या कानात सांगते आणि मग मोठ्याने म्हणते की घर किती छान ठेवलंय. तिचं दुकान म्हणजे एक लांबलचक टेबल, दोन मशिनं, छताला टेकलेले कापडाचे तागे आणि काका. काका कड्या लावतात, शिडीवर चढतात आणि मावशी बोलत असताना मान डोलावतात.

तिच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. हे सगळं तिने एखाद्या किरकिऱ्या गिऱ्हाइकासारखं झेललं. पण मग केस हातात यायला लागले. काकांनी केस कापायचं मशीन फिरवून उरलेले उतरवले. त्याच संध्याकाळी मावशीने कॉलेजपासून जमवलेला आपला केसांच्या पिनांचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुलाच राहू दे. मला काय करायच्यात आता." लहानपणी त्या पिनांना तिने मला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. मी डबा घरी नेला आणि बाथरूमचं दार लावून रडले.

त्यात नव्या नाट्यगृहाच्या रंगमंचाचा पडदा शिवायचं काम तिच्याकडे होतं. डाळिंबी मखमल, दोन भाग, दोरी ओढली की दोन्हीकडे सरकणारे. जन्मभर बेडरूमचे पडदे शिवलेल्या बाईला हे काम मिळालं होतं, आणि पहिल्या रांगेत बसून तो उघडताना बघायचा हे तिचं तेव्हाच ठरलं होतं. आता ती म्हणायला लागली की पडदा जाईल, मी जाणार नाही. "लोक पडद्याकडे बघायचेच नाहीत. माझ्या डोक्याकडे बघतील, आणि असं बघतील." तिने मान कलती करून, ओठ मुडपून दाखवलं. नक्कल इतकी हुबेहूब होती की मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे, आणि मी कामाला लागले.

आधी विग. दुकानात मावशीने एक चढवला, आरशात पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"बरी आहे की," काका म्हणाले. त्यानंतर काकांना बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं.

विग घरी आला, पण डोकं तापायचं, खाजायचं, आणि मावशी मशीनवर वाकली की तो भुवयांवर उतरायचा. शेवटी वैतागून तिने तो एका उभ्या ताग्यावर चढवला. मग चष्मा विसरून आलेल्या एक बाई त्या ताग्याला माझे पडदे कधी होतील म्हणून विचारत बसल्या. उत्तर येईना तेव्हा तुमचा पूर्वीसारखा चांगुलपणा राहिला नाही म्हणून रागावून निघून गेल्या.

मग रुमाल. अस्तराच्या सॅटिनचे तुकडे दुकानात ढिगाने पडलेले. एक मोरपंखी तुकडा तिने असा काही बांधला की काकांनी आपणहून फोटो काढला. पण गुळगुळीत डोक्यावर गुळगुळीत कापड किती वेळ टिकणार? डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि रुमाल थेट त्यांच्या टेबलावर, पेनांशेजारी. डॉक्टरांनी तो घडी घालून परत दिला. वॉर्डातली सिस्टर मात्र पोट धरून हसली आणि म्हणाली, "मावशी, आत मऊ सुती घ्या, ते सरकत नाही. शिवण टोचायला नको, घट्ट नको, आणि मागे मानेपर्यंत येऊ द्या. वर मग काय हवं ते मिरवा."

"मी शिवणारी असून बाहेर काय शोधतेय," म्हणत मावशी टेबलाशी बसली. डोक्याचा घेर मोजला, कापड कापलं, तासाभरात टोपी तयार. त्या टोपीत ती आणि काका दोघं मावले. खरंच मावले, माझ्याकडे फोटो आहे. पडद्याला चुण्या पडाव्यात म्हणून मापाच्या दुप्पट कापड घ्यायचं असतं, आणि मावशीच्या हाताने डोक्यालाही दुप्पटच घेतलं होतं. ऑपरेशनची बाजू दाबून धरत ती हसत होती आणि मला म्हणत होती, "हसवू नकोस गं, दुखतंय."

पुढची टोपी काकांच्या बनियनची झाली, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. काकांनी हरकत घेतली, पण तोवर बनियन कापलेला होता. या वेळी माप एकपट, शिवणी बाहेरच्या बाजूला. डोक्यावर बसली ती हलायचं नाव घेईना. "पण पहिल्या रांगेत बनियन घालून बसू का?" म्हणत तिने टेबलावर नजर फिरवली. पडद्याच्या एका भागाच्या कडेला खालच्या अंगाला जादा पट्टी सुटलेली दिसली. घरच्या पडद्यांची असली पट्टी ती रोज कापते. तिने सराईतपणे हवी तेवढी कापली, बनियनवर मखमल चढवली, कानामागे एक ऐटबाज गाठ मारली. आरशात स्वतःकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "येते मी," ती म्हणाली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी आम्ही तिघं पहिल्या रांगेत. पडदा काकांनी आदल्या दिवशीच टांगून दोन्ही बाजूंना बांधून ठेवला होता. आता प्रेक्षक यायला लागले तसा तो प्रथमच मिटला. वरून झकास मिटला. खाली मात्र, माणसाच्या उंचीपासून जमिनीपर्यंत, मधोमध वीतभर फट. आतून एक नट पाणी पिताना दिसत होता.

मावशीचा हात सावकाश डोक्याकडे गेला.

"अगं," ती म्हणाली, "ती पट्टी मध्ये एकावर एक यायला सोडली होती. ती माझ्या डोक्यावर आहे."

काका सवयीने मान डोलावत राहिले. मावशी उठली, माझं मनगट धरलं आणि मला फरफटत रंगमंचावर नेलं. प्रेक्षकांकडे पाठ करून ती फटीत उभी राहिली. दोन्ही कडा पाठीमागे ओढून मुठीत धरल्या, तिच्या पायाशी उकिडवी बसून खालच्या मी धरल्या. वरच्या उरलेल्या जागेत तिचं डोकं चपखल बसलं. डाळिंबीत डाळिंबी. बाहेर खच्चून भरलेलं सभागृह तिच्या डोक्याकडे बघत होतं आणि एकालाही ते दिसत नव्हतं. मावशीला हे कळलं आणि ती खुदखुदायला लागली, त्याने पडदा हलायला लागला.

"मी बाजूला झाले की ओढ," तिने दोरीवाल्याला बजावलं होतं. पण दोरीवाला घंटेचा माणूस. घंटा झाली, त्याने ओढली.

कडा आमच्या हातून सटकल्या. लख्ख उजेडात मावशी पाठमोरी उभी, मी बेडकासारखी बसलेली. मावशी वळली. पण लोकांकडे न बघता तिने वर पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. दोन्ही भाग सरसर मागे जात होते, चुण्या एकीवर एक पडत होत्या. ज्यासाठी ती आली होती ते ती सगळ्यांपेक्षा जवळून बघत होती, तोंड उघडं टाकून. मग भानावर येऊन तिने खाली वाकून नमस्कार केला. टोपी तसूभर हलली नाही. लोकांना वाटलं नाटक सुरू झालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कलती मान मी शोधली. एकही नव्हती.

मध्यंतरात व्यवस्थापक घामाघूम होऊन आले. "मावशी, तो तुकडा काढून द्या, उद्या जोडून टाकू."

"उद्या नवीन कापड जोडून देते. हा नाही मिळायचा."

"अहो, पण रंगात फरक पडेल."

"मग केस आले की हाच आणून जोडते. तोवर चालवून घ्या."

असं म्हणून ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं, माझ्या पिनांचा डबा कुठे ठेवलायस? उद्या घेऊन ये."