पुलीवरची खूण

फाट्ट करून आवाज झाला तेव्हा नाथाजी हवालदारांनी आधी मागं वळून पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा असणार, याची त्यांना खात्रीच होती. मागं पसरणीचा घाट मोकळा होता. दुसरा आवाज त्यांच्याच सायलेन्सरमधून निघाला, आणि चारुशीलाबाईंची पांढरी फियाट दोन गचके देऊन चढावर बंद पडली.

हवालदार स्टिअरिंग धरून तसेच बसले. त्यांनी टायमिंग लावलेली गाडी घाटात बसली होती! फौजेच्या वर्कशॉपात नोकरी करून आल्यावर त्यांनी उंब्रजजवळ उसाच्या कडेला शेड टाकली, तेव्हापासून चूक ही दुसऱ्यांच्या गॅरेजात घडणारी गोष्ट होती. गाडी बिघडली तर दोष मालकाचा, रस्त्याचा किंवा पेट्रोलचा.

"पेट्रोलात पाणी हाय," ते म्हणाले.

"नाथाजीराव, मग वाईपर्यंत काय पाणी पिऊन आली का?" शेजारी बसलेल्या चारुशीलाबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा शौनक वर पाचगणीला थांबला होता. त्यानं सांगलीत आईला स्पष्ट सांगितलं होतं, दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर पाचगणी चढली तर ठेव, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. गाडी बाईंच्या नवऱ्याची, गंगाधरपंतांची. ते गेल्यावर बाईंनी ती कुणाला धुवूसुद्धा दिली नव्हती. आणि हवालदारांनी छातीवर हात मारून शब्द दिला होता, "बाई, न्हाई चढली तर पान्याला हात लावणार न्हाई."

मागच्या सीटवर पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन हवालदारांच्या मंडळी राहीबाई बसल्या होत्या. आयुष्यभर पाचगणीच्या खाली राहून पाचगणी पाहिली नाही म्हणून हट्टानं आल्या होत्या. "आवं, साताऱ्यापासनं ती धापा टाकतीया, मी म्हनत हुते न्हवं?"

"तू गप बस."

हवालदार उतरले. चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, इंजिन कसंबसं चालू केलं आणि डिकीतून टायमिंगचा दिवा काढला. या दिव्याचा त्यांना भारी अभिमान. ठिणगी पडते त्याच क्षणी तो लखलखतो, त्यामुळं गरागरा फिरणाऱ्या पुलीवरची खूण जागेवर थांबल्यासारखी दिसते. ती खूण समोरच्या काट्यापाशी आली की टायमिंग बरोबर. त्यांनी इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ अलीकडं सरकवणारी व्हॅक्यूमची नळी काढली, तिच्या तोंडात स्क्रू खुपसला, दिवा धरला.

खूण काट्यासमोर. केसाचाही फरक नाही.

"बघा!" ते ओरडले. "बघा बाई! जागच्या जागी हाय!"

पण इंजिन घसा बसल्यासारखं घरघरत होतं. डोळे एक सांगत होते आणि इंजिन दुसरंच. हवालदारांच्या कपाळावर घाम आला.

राहीबाई डबा सांभाळत पुढं आल्या, वाकून पाहू लागल्या. "अगो बया! माझा टिक्का! पुसला न्हाई की अजून!"

"कसला टिक्का?"

"काल खंडेनवमी न्हवती का? शेडातल्या समद्याची पूजा केली, मग हिची नको?"

"आगं, तिथं खाचंवर माझा खडू हुता!" हवालदारांचा आवाज चिरकला.

"तो पुसला. मळकं इंजिन पूजंला कसं ठिवायचं? मग म्हनलं तुमी वरडाल, म्हणून तिथंच हळद लावाय गेले. पर तिथं तेल झिरपत हुतं, चिकटंना. म्हणून जरा सरकून लावली." राहीबाईंनी तर्जनी दाखवली. "लय न्हाई. बोटभर."

हवालदारांनी बॉनेटला हात टेकला. इंजिनात बोटभर म्हणजे पाटणला निघावं आणि विट्याला उतरावं. पहाटे शेडच्या अंधारात, दिव्याच्या पांढऱ्या लखलखाटात हळद काय आणि खडू काय! बायकोनं लावलेल्या टिक्क्यावर त्यांनी फौजी शिस्तीत टायमिंग बसवलं होतं. ठिणगी उशिरा पडत होती. हायवेला हलक्या पायानं चालवताना व्हॅक्यूमची नळी ती थोडी अलीकडं ओढून सगळं झाकत होती. घाटात ॲक्सिलरेटर दाबला, ओढ संपली आणि नळीनं हात वर केले.

 

हवालदारांनी इंजिन बंद केलं. फडक्यानं पुली घासली. हळद गेली, तेलकट मळ गेला, खाली खरी खाच निघाली. तंबाखूच्या डबीतला चुना काढून तिच्यात भरला. पुन्हा इंजिन, पुन्हा दिवा. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला केला आणि अख्खा डिस्ट्रिब्युटर श्वास धरून केसाकेसानं फिरवला. चुन्याची रेघ काट्यासमोर आली तशी घरघर गेली. नट आवळला, नळी परत बसवली.

फियाट घाट चढली. वर शौनकनं गाडीभोवती एक फेरी मारली, गरम बॉनेटला हात लावला आणि म्हणाला, "ठेव आई, ठेव." चारुशीलाबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

चहाच्या टपरीवर मात्र हवालदार बोटांवरचा चुना फडक्यानं पुसतच राहिले. राहीबाई घाबरल्या. "बोला की आवं. चढली न्हवं?"

"राही, हे टिक्क्याचं... दरसाली लावतीस?"

"मग? दारात आलेली गाडी बिनपूजेची ठिवायची व्हय?"

"गेल्या साली कुठली हुती?"

"पाटणच्या बिरदेवची जीप न्हवती का!"

हवालदारांनी चहाचा कप बाकावर ठेवला. बिरदेव गेल्या दिवाळीत जीप घेऊन आला होता. चढाला तापते, मरते म्हणत होता. हवालदारांनी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. चार माणसांत त्याला सुनावलं होतं, 'मी लावलेलं टायमिंग हाय ते. तुलाच गाडी चालवाय येत न्हाई.'

त्यांनी तिथंच फोन लावला. "बिरदेव, गड्या, जीप घेऊन ये उद्या."

"कुठली जीप, हवालदार?" पलीकडून आवाज आला. "ती मेव्हन्याला देऊन टाकली की. तुमीच म्हनला न्हवं, मला चालवाय येत न्हाई. एवढा जाणता माणूस म्हंतोय म्हणल्यावर सोडलीच मी गाडी. आता यष्टीनं जातो."

हवालदार पुटपुटले, "चूक माझी हुती."

"काय? ऐकू येईना. वारं हाय काय तिकडं? मोठ्यानं बोला!"

टपरीवर माणसं होती. बाई होत्या, शौनक होता. हवालदार उठून उभे राहिले.

"चूक माझी हुती!" ते ओरडले. "तुला येतं रं गाडी चालवाय!"