बटणांचा प्लेअर

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात त्यांची स्वरपेटी काढून टाकावी लागली. जखम भरली तसे रायपूरला शेक सुरू झाले. शेक म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं होतं. आईबाबा भिलाई-३ला राहतात आणि मी जुनवानीत. नवरा स्टील प्लांटात शिफ्टला जातो, त्याची सुट्टी कधी कुठे येईल सांगता येत नाही. आईचे गुडघे गेलेले. गाडी मला चालवता येते, म्हणून शाळेतून मोठी रजा घेतली आणि हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. घरी बाबा ओठ हलवून बोलत आणि आम्ही ओठ पाहून समजून घेत असू. थोड्याच दिवसांत आईला तर ते इतकं जमलं, की ती दुसऱ्या खोलीत जाता जाता मागे वळून त्यांच्याशी भांडायची. पण गाडी चालवताना मला त्यांच्याकडे पाहता येत नव्हतं. म्हणजे गाडीचं दार लावलं की बाबांचं बोलणं दुसऱ्यांदा बंद व्हायचं.

ते डॅशबोर्डवर बोटं आपटायचे. मी मान वळवायची तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न.

"बाबा, थांबा जरा, सिग्नलवर सांगा."

सिग्नल येईपर्यंत त्यांचा हात हवेत एकदा झटकला जाई. जाऊ दे. मग खिडकीची काच खाली, काच वर, पट्टा सैल, पट्टा घट्ट, समोरचा कप्पा उघड, बंद कर. श्वासासाठी गळ्यावर ठेवलेल्या भोकासमोर बांधलेला पांढरा रुमाल ते सारखा चाचपत. कुम्हारीच्या टोलनाक्यापर्यंत मी घामाने भिजलेली असे, एसी सुरू असूनसुद्धा.

बाबा रेल्वेत होते, मार्शलिंग यार्डात. मालगाड्यांचे डबे जोडण्या-तोडण्याचं काम. यार्डात त्यांची हाक चार रुळांपलीकडे जायची असं त्यांचे दोस्त सांगत. आणि ते गायचे. पोटापाण्यासाठी नाही, पण जयंतीच्या दिवसांत खुर्सीपारपासून चरोद्यापर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम व्हायचे त्यांत बाबा पेटीपाशी बसलेले असत. घरीही दाढी करताना, सायकल पुसताना, गाणं चालूच. आमच्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच. आता या गाडीत होती, आणि मला ती सोसवत नव्हती. माझ्या जिवाची घालमेल होई. काहीतरी वाजलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

गाडी जुनी, शाळेतल्या एका मॅडमकडून घेतलेली. तिच्या स्टिरिओत आधीच्या मालकांची सीडी अडकून बसली होती, ती ना वाजे ना बाहेर येई. यूएसबीचं भोक मेलेलं. ब्लूटूथ नव्हतंच. रेडिओ होता, आणि हेडफोनची पिन जाईल असं एक भोक होतं. आधी मी माझा फोनच त्यात लावला. एक गाणं अर्धं झालं नाही तोच नागपूरच्या काकांचा फोन आला आणि गाडीतल्या चारही स्पीकरांतून त्यांचा आवाज घुमला, "कावून बाई, दादाले बोलता येते का आता?"

बाबांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. त्यांनी स्वतःचा फोन ऑपरेशननंतर आईकडे देऊन टाकला होता. मी वायर उपटली. फोन बंदही ठेवता येत नव्हता, दवाखान्यातून कधी मशीन बंद आहे, उशिरा या, असा निरोप यायचा. म्हणून ठरवलं, की गाडीला एक वेगळा प्लेअर पाहिजे. ज्यात फोन नाही, नुसती गाणी. आणि तो बाबांच्या हातात राहील.

सुपेल्याच्या बाजारात एक मोठं दुकान आहे, मोबाइल, स्पीकर, सगळं मिळतं. दुकानदार माझं ऐकून आधी हसलाच. "मॅडम, एमपी-थ्री प्लेअर? अब कौन लेता है?" मग त्याने गाडीतल्या लाइटरच्या भोकात बसवायचं एक यंत्र दिलं. त्याला पेनड्राइव्ह लावायचा, ते गाणी रेडिओवर सोडतं. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी रायपूर जवळ आलं तसं आमच्या गाण्यावर दुसरं स्टेशन चढलं. एक माणूस बाबांच्या आवडत्या कव्वालीत घुसून फ्लॅटची जाहिरात करू लागला. बाबांनी ते यंत्रच काढून माझ्या पर्समध्ये टाकलं.

मग ऑनलाइन शोध. रात्र म्हणू नका, दुपार म्हणू नका, मी तेच पाहत बसायची. बाबांना शेकाच्या खोलीत नेलं की बाहेरच्या बाकावर माझ्या हातात फोन आणि त्यात प्लेअरच प्लेअर. एकाची बॅटरी चांगली तर आवाज दबका. एक दिसायला देखणा, तर लोकांनी लिहिलेलं की महिन्यात बंद पडतो. शेजारी बसलेल्या बाया आपापल्या माणसांच्या जेवणाबद्दल, रिपोर्टबद्दल बोलत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून मेमरी कार्डाची माहिती वाचत असे. आता वाटतं, रिपोर्टचा विचार करण्यापेक्षा ते सोपं होतं.

एक मागवला. काचेचा पडदा, बोटाने सरकवायचा. बाबांची बोटं आयुष्यभर लोखंड हाताळलेली, पडदा त्यांना ओळखतच नव्हता. ते दाबत, तो ढिम्म. पुन्हा दाबत, तर तिसरंच काही उघडे. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला, चालत्या गाडीत. मी तो परत पाठवला. दुसरा मागवला, काडेपेटीएवढा. त्याची बटणं इतकी बारीक की बाबांच्या अंगठ्याखाली दोन एकदम दबत. तोही परत गेला.

"तूच पसंत करून राहिली," आई म्हणाली. "वापरणार कोण?"

बाबांनी आईकडे बोट केलं, बरोबर बोलते म्हणून, मग ते स्वतःच्या छातीवर ठेवलं. ओठांनी म्हणाले, मले ने.

म्हणून एका शनिवारी त्यांना सुपेल्याला नेलं. दुकानदार त्यांच्या गळ्याचा रुमाल पाहून जरा मोठ्याने बोलू लागला, लोक असंच करतात, जणू ऐकूही येत नसावं. माझी चिडचिड झाली, पण बाबांनी लक्षच दिलं नाही. दुकानदाराने आतून खरंच चार-पाच जुने प्लेअर काढून आणले, काचेवर मांडले आणि सुरू झाला. यात इतकी गाणी मावतात, याचा पडदा रंगीत, यात रेडिओ पण, यात रेकॉर्डिंग पण.

बाबांनी एकेक उचलला. डोळे मिटले. अंगठ्याने बटणं चाचपली, दाबली, सोडली. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला.

"अंकल, डिस्प्ले तो देखिए."

बाबा डोळे मिटूनच होते. शेवटी एक काळा, जाडसर प्लेअर त्यांच्या हातात राहिला. त्याला मधोमध एक मोठं बटण आणि चारी बाजूंना चार. दाबलं की टक् असा आवाज येई. बाबांनी ते मधलं बटण कितीतरी वेळा टकटक दाबलं. मग डोळे उघडून मान हलवली.

"ये तो सबसे पुराना मॉडल है," दुकानदार म्हणाला.

"हाच द्या," मी म्हणाले.

गाणी मी भरली. आईने आठवून आठवून सांगितली. भीमगीतं, कव्वाल्या, जुनी हिंदी सिनेमाची. सोमवारी पिन लावली. गाडीतल्या चार्जरवर ठेवला तर स्पीकरमधून कुईं असा आवाज यायचा, मी ॲक्सिलेटर दाबेन तसा चढायचा, म्हणून घरूनच चार्ज करून आणायचा असं ठरलं. पेटी सुरू झाली, ढोलकी आली. मी खांदे सैल सोडले. आणि टक्. बंद.

मला वाटलं चुकून दाबलं गेलं. गाडी चालतेय, बाबांचं बोट बटणावर, गाणं नाही. बराच वेळ तसाच गेला. मग दुसरं गाणं लागलं. पेटी, ढोलकी, टाळ्या, आता गाणारा तोंड उघडणार, की टक्. पुन्हा शांतता. आधीपेक्षा वाईट, कारण अर्धं गाणं माझ्या डोक्यात लटकून राही.

"बाबा, एखादं तरी पूर्ण ऐका ना."

ते समोर पाहत राहिले. मग तिसरं लागलं. टक्.

असं रोज. जाताना आणि येताना. मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरायची की बोटं दुखायची. एकदा मी त्यांच्या हातातून प्लेअर घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो दुसऱ्या बाजूच्या मांडीखाली ठेवला, लहान मूल लपवतं तसा. मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना.

मग एका दिवशी, रायपूरच्या तोंडाशी टाटीबंधच्या गर्दीत गाडी अडकली असताना, मला वाटलं की मला समजलं. ते नेमकं माणसाचा आवाज यायच्या आधी बंद करत होते. कधी एक ओळसुद्धा पुढे जात नव्हती. दुसऱ्याचा गळा त्यांना ऐकवत नसणार. मी मूर्ख, गळा गेलेल्या माणसाच्या हातात दीडशे गळे नेऊन दिले. त्या दिवशी त्यांना न विचारताच घरी बसून सगळी गाणी पुसून टाकली आणि बासरी, सनई, सतार भरली. जिथे कोणी तोंड उघडत नाही असं सगळं.

सकाळी बाबांनी बटण दाबलं. बासरी. पुढे. सनई. पुढे. सतार, पुन्हा बासरी. त्यांचा अंगठा भराभर चालू लागला. मग डॅशबोर्डवर हात आपटला, एकदा, दोनदा, थांबेचनात. खारून नदीचा पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि त्यांच्याकडे वळले.

"काय झालं?"

त्यांचे ओठ रागाने इतके भराभर हलत होते की मला काहीच कळेना.

"हळू. हळू सांगा."

त्यांनी एक श्वास घेतला, रुमाल हलला. मग एकेक शब्द: माह्ये गाणे कोठी गेले?

"मी काढले. तुमाले ऐकवत नाही ना ते. तुमी बंद करून राहिले रोज."

 बाजूने ट्रक गेले की गाडी हलत होती. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि अगदी सावकाश ओठ हलवले.

मी म्हणतो ना मग.

मला उमगायला वेळ लागला. आमच्याकडे गाणं गात नाहीत, म्हणतात.

"बंद केल्यावर? मनात?"

त्यांनी मान हलवली. बोटांनी मांडीवर ठेका धरून दाखवला. पेटीने सूर दिला, ढोलकीने ठेका दिला, की ते बंद करून पुढचं सगळं स्वतः म्हणत होते. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. संपलं की पुढचं गाणं. मी ज्याला शांतता म्हणत होते त्यात ते गात होते, आणि मी त्यात मध्ये मध्ये बोलत होते, सिग्नलबद्दल, पट्ट्याबद्दल, एखादं पूर्ण ऐका म्हणून.

मला रडू आलं असतं, पण त्यांना तो वेळ नव्हता. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. मशीनची वेळ होत होती. आणि पुन्हा ओठ: संध्याकाळी परत टाक.

टाकली. सगळी, आई म्हणाली त्या क्रमाने. त्यानंतर गाडी आधीसारखीच अर्धवट वाजत राहिली. माझी घालमेल गेली असं नाही. मनात कोणतं कडवं चाललंय हे बाहेरून कळत नाही, आणि मी मात्र कान देऊन बसलेली असे. कधी त्यांच्या मांडीवरच्या बोटांवरून ओळखायचा प्रयत्न करायची आणि समोरचा खड्डा चुकवायचा राहून जाई. शेवटच्या आठवड्यांत शेकाने त्यांचा गळा आतून सोलवटला, पातळ भातसुद्धा उतरेना. तेव्हा अंगठा मंदावला. काही दिवस प्लेअर नुसता हातात असायचा, बंद. त्या दिवसांत मी गाडी फार जोरात चालवली.

शेवटचा शेक झाला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता महिन्याने दाखवा, तेव्हा तपासणी करू. यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परतताना भिलाई-३चं वळण आलं. मी इंडिकेटर दिला. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि समोर बोट केलं. सरळ.

"घरी नाही?"

पुन्हा सरळ.

मी सरळ गेले. खुर्सीपार मागे पडलं. पॉवर हाउसच्या पुढे त्यांनी डावीकडे बोट केलं, मग प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरांमधल्या झाडांच्या रस्त्यांवर उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एकाच चौकातून आम्ही दोनदा गेलो. मी विचारलं, कुठे जायचंय. त्यांनी खांदे उडवले. एका रसवंतीपाशी हात वर केला तेव्हा मी थांबले. बाबांनी अर्धा ग्लास उसाचा रस मागवला, बर्फाशिवाय. एकेक घोट घेतला, प्रत्येक घोटाला डोळे बारीक झाले, तरी ग्लास खाली ठेवला नाही.

आईचा फोन आला. "कोठी हाव तुमी? जेवण थंडं होऊन राहिलं."

"इथंच हाव, सेक्टरात. फिरून राहिलो."

"कावून?"

मी बाबांकडे पाहिलं. ते ग्लास रिकामा करून गाडीच्या दारापाशी उभे होते, आणि बोट पुढच्या रस्त्याकडे होतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "तू जेवून घे."