लिफ्टमास्तरांचा तापलेला ॲम्प्लिफायर

लिफ्टमास्तर तळमजल्यावर राहायचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तळमजल्यावर का राहतो, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लिफ्ट मला आतून माहीत आहे ना, म्हणून!" आणि स्वतःच गडगडाटी हसायचे.

तयार वस्तू विकत आणणं म्हणजे त्यांना हात बांधून घेतल्यासारखं वाटायचं. घरातली बेल त्यांनी केलेली, टेबललॅम्प त्यांनी केलेला. बायकोला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, पण त्यात भांड्यांचा खणखणाट डोक्यात घण घातल्यासारखा वाजे. चार दिवसांत तिने ते कपाटात ठेवून दिलं. मास्तर कामाला लागले आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर घरीच तयार झाला. ॲल्युमिनियमची पेटी, वर हवेसाठी पाडलेली भोकं. फोनची वायर पेटीत, पेटीची हेडफोनमध्ये, हेडफोन बायकोच्या डोक्यावर. परगावच्या लेकीचा आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला त्या संध्याकाळी ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. मास्तर आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडले.

आणि काल दुपारी त्याच पेटीतून जळका वास आला. बायको हेडफोन लावून गाणी ऐकत होती. मास्तरांनी प्लग उपटला, पेटीवरचं कव्हर बाजूला फेकलं आणि हात लावला तर चटकाच बसला.

"कानाला काही झालं का गं?" ते ओरडले.

तिने नुसती मान हलवली, हेडफोन काढून ठेवला आणि आत निघून गेली. मास्तर तापलेल्या पेटीपाशीच बसले. आतला एखादा भाग फुटून वीज थेट हेडफोनमध्ये उतरली असेल तर? तिच्याकडे उरलंसुरलं जे ऐकणं होतं, ते आपल्याच हौसेने घालवलं की काय? नेहमी बोलणारी बायको अशी आत निघून गेली की मास्तरांना नको ते सुचायचं.

सकाळी चहा तसाच टाकून त्यांनी पेटी उघडली. प्लग काढलेलाच होता. तरी कपॅसिटरमध्ये साठलेली वीज आधी उतरवली, मग चष्मा कपाळावर सरकवून एकेक भाग जवळून पाहिला, हुंगला. एका कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं, शेजारचा रेझिस्टर करपून तपकिरी झाला होता. दोन्ही बदलले. पुन्हा वीज दिली आणि हेडफोन न जोडताच वीज मोजायच्या मीटरची टोकं बाहेर जाणाऱ्या तारांना लावली. काटा जागचा हलला नाही; हेडफोनकडे नको ती वीज जात नव्हती. कानाकडे जाणाऱ्या वाटेवरचा, वीज अडवणारा भागही शाबूत होता. म्हणजे काल जे काही जळलं, ते पेटीतल्या पेटीत. मास्तरांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कापूस उडाला.

पण लिफ्टवाल्यांची एक शिस्त असते. दुरुस्तीनंतर आधी रिकामी फेरी, माणसं नंतर. त्यांनी ड्रॉवरमधून जुनापुराणा हेडफोन काढला, तो पेटीला जोडून टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. झाकण उघडं ठेवून पाहिलं, मग बंद करून पाहिलं. पेटी कोमट, आवाज खणखणीत. मग काल एवढी तापली कशाने? डोकं खाजवत मास्तर आंघोळीला गेले.

परत आले तेव्हा गाणं घशात काहीतरी अडकल्यासारखं येत होतं. मध्येच खरखर, मध्येच नुसतं पुटपुटणं. आणि पेटीवर होतं लोकरीचं जाड, अस्तर लावलेलं कव्हर.

बायकोला विणायचा नाद. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर. मास्तर एका जागी स्वस्थ बसत असते तर त्यांच्या टकलालाही एक झालं असतं. घरात इतकी कव्हरं होती की मास्तरांना ती दिसेनाशीच झाली होती. धूळ नको म्हणून तिने फडकं मारलं होतं आणि सवयीने पेटी झाकून ठेवली होती. मास्तरांनी कव्हर उचललं. अस्तर आतून करपलेलं होतं.

"अगं, हे काय केलंस! याला श्वास तरी घेऊ दे!" ते कडाडले. मग तिला कळावं म्हणून समोर उभं राहून, हातवारे करत सांगितलं, "हवा कोंडली की पेटी तापते. तापली की आवाज बसत जातो, बसत जातो, आणि मग जळते."

ती खुर्चीवर बसली. "रोज बसतो?"

"कव्हर घातलं की रोज."

"म्हणजे आवाज पेटीचा जायचा?" तिने पेटीकडे बोट दाखवलं. "माझे कान नव्हते जात?"

मास्तर तिच्यासमोर बसले. मग एकेक बाहेर आलं. गेले कित्येक दिवस लेकीचा फोन आला की दोन वाक्यांनंतर तिचा आवाज दूर दूर जायचा. बायकोने मनाशी धरलं, आता होतं तेही संपलं. कुणाला सांगायचं? पेटी बनवणाऱ्याला तर नाहीच, किती हौसेने बनवली होती त्याने! म्हणून फोन वाजला की ती म्हणायची, मी झोपलेय म्हणून सांगा.

"तुमच्या ओठांवरून ओळखायची सवय करत होते," ती म्हणाली. "पण तुमची ती मिशी! अर्धे शब्द तिच्यातच अडकतात."

मास्तरांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. रागवायचं राहूनच गेलं. त्यांनी पेटी खिडकीपाशी उघड्यावर ठेवली, चांगला हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिला, मग तिच्या डोक्यावर चढवला आणि लेकीला फोन लावला.

पलीकडे लेक काय म्हणाली ते त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. बायको दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरून ऐकत होती. मास्तर पेटीवर तळवा ठेवून उभे होते. पेटी कोमटच होती.

"नाही गं, वेडे," बायको शेवटी म्हणाली. "तुझ्यावर कशाला रागावेन? घाबरले होते."