दीडशे व्होल्टची बासुंदी

म्हसावदच्या स्टँडवर उतरून हेमकांत पाटील कुठे राहतात म्हणून विचाराल, तर माणसं डोकं खाजवतील. व्होल्टेज सर म्हणा, थेट दारात आणून सोडतील. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं, पण सरांचा जीव एकाच धड्यात. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे शक्ती. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही, पण हे झोपेत विचारा, बिनचूक सांगतील.

घरातही तेच. मीटरशेजारी भिंतीवर सरांनी व्होल्टमीटर बसवलेला. त्या काळी दिवेलागणीला केळीच्या बागांमधल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि काटा धपकन दीडशेवर यायचा. बल्बची तार नुसती लाल दिसायची. सर ओट्यावर येरझाऱ्या घालत वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आत त्यांच्या पत्नी वत्सलाबाई, दिवा मंदावला की शांतपणे कॉइलच्या शेगडीवर दुधाचं पातेलं चढवायच्या. बासुंदीला हीच वेळ, एवढंच त्यांना ठाऊक. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. सरांना शिव्यांमधून सवड कुठे होती!

वत्सलाबाई गेल्या त्याला आता दुसरं वर्ष. व्होल्टेजही हल्ली दोनशे तीसवरून हलत नाही. शिव्या द्यायला कारण नाही आणि ऐकायला माणूस नाही. सरांना त्या मिणमिणत्या संध्याकाळी आठवत राहायच्या.

अशात मयूरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक लेक, सुरतेला दिलेली. सातवा लागला तरी अन्न जात नव्हतं. घास तोंडाजवळ नेला की उमळून यायचं. हातापायाच्या काड्या झालेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं वजन भरत नाही, जे जाईल ते खाऊ घाला. काय खाशील, काय खाशील म्हणून सरांनी तिला भंडावून सोडलं, तेव्हा ती एकदाच बोलली.

“मले आईना हातनी बासुंदी खावानी शे.”

एवढं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेजारच्या धनुबाई, सरांच्या चुलत वहिनी, म्हशीचं दूध घेऊन आल्या. त्यांनी गॅसवर भरभर आटवून केली, छान केली. मयूरीने चमचा जिभेला लावला आणि वाटी सरकवली. मग सरांनी माळ्यावरची शेगडी काढून पुसली. तेच पातेलं, तेवढंच दूध, सगळं वत्सलाबाई करायच्या तसं. दूध भसाभस उतू गेलं, तळाला लागलं, घरभर करपट वास सुटला आणि पोरगी तोंडाला ओढणी लावून परसात धावली. सर ओट्यावर डोकं धरून बसले. लेक डोळ्यांदेखत झिजतेय आणि आपल्याला एक वाटी बासुंदी जमू नये, या विचाराने त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

सवयीने नजर भिंतीवर गेली. काटा दोनशे तीसवर.

सर ताडकन उठले. शेगडी तीच, पण आच कुठे ती? हजार वॅटची कॉइल, रोध त्रेपन्न ओहम. दीडशे व्होल्टला तिच्यातून तीन अँपिअरसुद्धा जात नव्हते. व्होल्टेज पडलं की करंटही पडतो, म्हणजे शक्तीला दोन्हीकडून मार. हजार वॅटची शेगडी जेमतेम सव्वाचारशेची उरायची. फळ्यावर हेच गणित त्यांनी जन्मभर सोडवलं होतं. ज्या दीडशे व्होल्टच्या नावाने ते खडे फोडत होते, त्याच्याच जिवावर आत मंद आचेवर बासुंदी आटत होती.

पण आता म्हसावदात दीडशे व्होल्ट आणायचे कुठून? सरांनी आंघोळीचं पाणी तापवायची जुनी दोन हजार वॅटची शेगडी खाली काढली. तिचा रोध निम्मा. दोन्ही शेगड्या एकीमागे एक, एकाच वाटेवर जोडायच्या. रोधांची बेरीज ऐंशीच्या आसपास, करंट तीन अँपिअरच्या आत, आणि लहानीच्या वाट्याला दीडशेहून थोडे जास्त व्होल्ट. धनुबाईंनी कपाळाला हात लावला. एका शेगडीवर दूध जळलं, हे दोन लावायला निघाले, आता पातेलंच वितळायचं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी बटण दाबलं. मोठी शेगडी काळी ती काळीच राहिली आणि लहानी हळूहळू लालसर झाली.

“मोठी जाऊ नुसती बसेल शे, नि धाकटी राबी ऱ्हायनी,” धनुबाई म्हणाल्या.

सर पाटावर बसून पळी फिरवत राहिले. कडेची साय आत लोटायची, पुन्हा फिरवायचं. पाठ भरून आली. वत्सला अशी किती संध्याकाळी एकटी बसली असेल, आपण एकदा तरी शेजारी पाट मांडून बसायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.

वास सुटला तशी मयूरी आपण होऊन उठून आली आणि उंबऱ्याशी बसली. पहिली वाटी संपली. दुसरी तिने मागून घेतली. “हाईच ती,” एवढंच म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. सरांनीही डोळे पुसले.

पातेल्याला खरवड उरली होती. या घरात खरवडीला कधी कुणी हात लावला नाही. सगळ्यांची जेवणं उरकली की वत्सलाबाई पातेलं मांडीवर घेऊन ती खायच्या. आता ते पातेलं मोरीत नेऊन ठेवायचा सरांना धीर होईना.

मयूरीने हात लांब करून ते आपल्या मांडीवर ओढलं.

“खरवड आईनीच राहस, बापू,” ती म्हणाली, आणि एक हात पोटावर ठेवून चमच्याने खरवडायला लागली.