शिखर समितीचे अध्यक्ष

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या कॉलनीत चार माणसं एकत्र चहाला बसली की समिती स्थापन होते. जयंतीची समिती होती, पाण्याच्या टाकीची होती, एकदा तर मांजरांच्या बंदोबस्ताची समिती झाली होती आणि तिला कार्याध्यक्षही होते. त्यामुळे आम्ही चौघांनी गढवालमधलं एक आडबाजूचं शिखर चढायचं ठरवलं, तेव्हा पप्पांनी पहिला प्रश्न उंचीचा विचारला नाही. अध्यक्ष कोण, असं विचारलं.

अध्यक्ष अर्थातच पप्पा झाले. फॅक्टरीत त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं युनियनच्या कामात गेलेली, नुकतेच रिटायर झालेले, आणि हाताशी पुरेशा सभा नाहीत. मलंगगडाच्या अर्ध्यावर एकदा लिंबू सरबत पिऊन ते खाली आले होते, एवढाच त्यांचा गिर्यारोहणाचा अनुभव. पण अध्यक्षाला अनुभव लागतो असं कुठल्या घटनेत लिहिलंय?

चढणारे आम्ही चौघे. बदलापूरचे एक सर, शाळेत गणित शिकवणारे, हिमालयात रीतसर कोर्स केलेले. माझी नर्स मैत्रीण, कॉलनीतलीच. उल्हासनगरचे एक सिंधी शेठ, जीन्सच्या कापडाचे व्यापारी. वजन उतरवायला म्हणून आमच्याबरोबर डोंगरात यायला लागले, वजन जागेवर राहिलं आणि डोंगराचा नाद लागला. आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बिलं टाकणारी मी. शेठ खजिनदार झाले, मैत्रीण सचिव, सर तांत्रिक सल्लागार. मला पप्पांनी साधं सदस्य ठेवलं. म्हणाले, घराणेशाहीचा आरोप नको.

सरांनी पहिल्याच सभेत सगळं समजावलं. कडक उन्हाळ्याआधी गेलं की बर्फ घट्ट असतं, पहाटे चढायचं आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. शेवटच्या गावानंतर वस्ती नाही, फोन तर नाहीच. बाकीच्यांनी घट्ट बर्फाचं ऐकलं. पप्पांनी फोनचं तेवढं ऐकलं.

त्यांनी नाही म्हटलं नाही. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धतच नाही, मुद्दे काढायची आहे. दर रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सभा, आणि दर सभेला नवा मुद्दा. दोरीची ताकद कोणी तपासली? स्टोव्ह वाऱ्यात पेटतो का? शेठजींच्या वजनाला तंबू पुरेल का? या शेवटच्या मुद्द्यावर खुद्द शेठजींनी अध्यक्षांना पाठिंबा दिला. माझ्या जाण्याचा ठराव मात्र पुढे, पुढच्या सभेत. आणि मला त्यांचा होकार हवाच होता. पगार माझा होता, रजा माझी होती, भांडून गेले असते तर कोणी अडवलं नसतं. पण त्यांनी मला लहानपणापासून कशालाच अडवलं नव्हतं, म्हणूनच त्यांना डावलून जाणं जमणार नव्हतं. शिवाय घरात माझ्यासाठी स्थळं येऊ लागली होती. पुढच्या वर्षी रजेसाठी कोणाकोणाला विचारावं लागेल कोण जाणे. मला याच वर्षी जायचं होतं.

तयारी जोरात चालली होती. सरांनी पाठीवर ओझं घेऊन जिने चढायला सांगितलं, म्हणून मैत्रीण आणि मी रेशनचे तांदूळ सॅकमध्ये भरून चौथ्या मजल्यावर जायचो, उतरायचो, पुन्हा जायचो. तळमजल्यावरच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, घर विकलंत का.

मग तारखेचा घोळ झाला. आमच्या कॉलनीची जयंतीची मिरवणूक एप्रिलअखेरच्या रविवारी निघते, कारण चौदा एप्रिलच्या आसपास चांगला बँड मिळत नाही. जयंतीच्या समितीचेही अध्यक्ष पप्पा आणि सचिव माझी मैत्रीण. या दोघांनी सकाळच्या सभेत मिरवणुकीची तारीख पक्की केली आणि संध्याकाळच्या सभेत, त्याच खुर्च्यांवर बसून, आमच्या निघण्याची तारीख पक्की केली. दोन्ही एकच. दोन्ही वेळा ठराव एकमताने मंजूर. सकाळच्या विषयाचा संध्याकाळी उल्लेख करणं सभेच्या शिस्तीत बसत नव्हतं, असं मैत्रीण नंतर म्हणाली. पताकांसाठी कापड द्यायला शेठजी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"साईं," ते पप्पांना म्हणाले, "उस दिन जुलूस में नाचना है के गाडी में बैठना है?"

तिकिटं बदलावी लागली. निघणं मेच्या सुरुवातीला गेलं. आम्ही सगळे हिरमुसलो. पप्पा तेवढे खुश, म्हणाले, चर्चेला अवधी मिळाला.

त्या अवधीत शेठजींनी ओळखीच्या कारखान्यातून आमची जाकिटं शिवून आणली. आता ती थंडीत तपासायची कुठे? आमच्याकडे ऐन थंडीतसुद्धा फार तर कानाला रुमाल लागतो. शेवटी शेठजींच्या मेव्हण्याचा उल्हासनगरात बर्फाचा कारखाना होता, तिथे लाद्या ठेवायच्या खोलीत आम्ही जाऊन बसलो. सरांचा नियम सोपा होता. हातमोजे काढून दोरीला गाठी मारत राहायचं, आणि बोटं बधिर व्हायला लागली की उठून बाहेर यायचं. पप्पा निरीक्षक म्हणून माकडटोपी घालून दाराशी उभे होते.

मैत्रीण पहिली बाहेर गेली. मग सर गेले. शेठजी आणि मी उरलो, आणि मला चेव आला. शेठजीही हात चोळत उठले. मी बसून राहिले. गाठ केव्हाच सुटली होती, दात वाजत होते, बोटं माझी आहेत की शेजारच्या लादीची हे कळत नव्हतं, पण उठले नाही. शेवटी पप्पा आत आले आणि दंडाला धरून मला बाहेर घेऊन गेले.

बाहेर मी ऐटीत सांगितलं की सगळ्यांत जास्त वेळ मी बसले. सर म्हणाले, तूच एकटी नापास झालीस.

पप्पा माझी बोटं दोन्ही हातांत धरून चोळत होते.

"मी उगाच मुद्दे काढतोय असं वाटतं ना तुला?" ते म्हणाले. "चढता येतं तुला, मला माहितीये. परत फिरता येत नाही. माझ्यावर गेलीस. मला मोर्च्यातून कोणीतरी धरून आणायचं ग. तिथे तुला कोण आणणार?"

त्यांचं खरं होतं आणि मला त्याचा रागही आला.

पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच चंदेरीला गेलो. सरावाचा हा शेवटचा डोंगर. वरच्या घळीत सुटे दगड फार, तिथे माझा पाय मुरगळला. फार नाही, थोडासाच. नेहमीची मी असते तर रुमाल बांधून वर गेले असते आणि आठवडाभर लंगडले असते. मी खाली बसले. माथा अगदी समोर दिसत होता. दोन शिव्या दिल्या, एक दगडाला आणि एक पप्पांना, आणि सरांना सांगितलं की मी परत जाते. मैत्रीण माझ्याबरोबर उतरली. सर आणि शेठजी वर गेले.

दुपारी मला दारात पाहून पप्पांनी विचारलं, एवढ्यात झाला डोंगर?

"नाही. पाय दुखला. फिरले."

"कोणी सांगितलं फिरायला?"

"कोणी नाही."

त्यांनी आयोडेक्सची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि पेपर उघडून बसले. पेपरचं पान काही उलटलं नाही.

संध्याकाळी सभा भरली. सर आणि शेठजी चंदेरीहून थेट आमच्याकडे आले होते. पप्पा खुर्चीतून उठले आणि आमच्यात सतरंजीवर येऊन बसले. म्हणाले, अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही, म्हणून मी आता सदस्य म्हणून बोलतो. मग फॅक्टरीच्या गेटवर हजार माणसांसमोर माइकशिवाय भाषण करणारा माणूस, सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत बसला.

"आमच्या मुलीला," ते शेवटी म्हणाले, "शिखरावर जाऊ द्यावं, असा ठराव मी मांडतो."

अनुमोदन द्यायला सचिवांनी हात वर केला, पण त्याआधीच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. एवढ्या सभांना तिने चहा दिला होता, तिला कोणी सदस्य केलं नव्हतं आणि तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली. "आणि परत आल्याशिवाय सभा संपली असं कोणी म्हणायचं नाही."