वैजयंतीबाईंचे उपास

वैजयंती दामले यांनी इंग्लंडात आल्याआल्या एक गोष्ट हेरली होती. मी व्हेजिटेरियन आहे म्हटलं की लोक चिकन पुढे करतात. उपास आहे म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. नवरा शशिधर नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. तिथल्या सगळ्या ख्रिसमस पार्ट्या बाईंनी उपासावर काढल्या. मुलं युनिव्हर्सिटीत गेल्यावर सांगलीची बी. कॉम. कामी आली आणि १९८७ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांना छोट्या धंद्यांच्या सल्ला केंद्रात नोकरी लागली. कृष्णवर्णीय उद्योजकांना शहर कौन्सिलची मदत मिळवून द्यायची, म्हणजे मुख्यतः फॉर्म भरून द्यायचे.

"त्या वस्तीत गाडी लांब लाव," शशिधर म्हणाला. "आणि पर्स घरी ठेव."

पहिलं प्रकरण मिसेस इना लॉरेन्स यांचं. जमैकातून आलेल्या, अठरा वर्षं बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये राबलेल्या. घरी भाजलेले त्यांचे बन अख्खी गल्ली विकत न्यायची. आता त्यांना कोपऱ्यावरचं दुकान हवं होतं. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. कौन्सिलने पहिल्या वर्षाच्या भाड्याला हात दिला तर दुकान त्यांचं, नाहीतर व्हिडिओ लायब्ररीवाला टपलेलाच होता.

मिसेस लॉरेन्सनी दाराची साखळी न काढताच बाईंचं ओळखपत्र मागितलं. याआधी तीन अधिकारी येऊन गेले होते. एकाने फोटो काढला. तो कौन्सिलच्या रंगीत पुस्तिकेत छापून आला. बाकी काही आलं नाही.

दर भेटीला टेबलावर बन यायचा. काळसर, मनुकांचा, दालचिनीच्या वासाचा. वैजयंतीबाईंची नजर मात्र ओट्यावरच्या बिनलेबलच्या पांढऱ्या डब्यावर. डुकराची चरबीच असणार. "आज माझा उपास आहे," त्या हसून सांगत.

दुकानाची वेळ विचारली तर मिसेस लॉरेन्स म्हणाल्या, तुम्ही लोक नेहमी लिहिता ते लिहा. बाईंनी सोमवार ते शनिवार लिहिलं. चौथ्या भेटीत मिसेस लॉरेन्सनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, फाईल मिटली आणि सही करायचं नाकारलं.

"भाड्याचे पैसे हातात पडले की दुकान-बिकान काही नसतं," शशिधर रात्री जेवताना म्हणाला. "अडकशील तू." बाईंनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती फाईल पुन्हा पहिल्यापासून तपासली. त्यांनाही आता काहीतरी लपवलंय असं वाटू लागलं होतं.

महिना संपायला पाच दिवस उरले. पाचव्या भेटीतही बन आला, उपास सांगून झाला. मिसेस लॉरेन्स समोर बसल्या.

"मिसेस दामले, मंगळवारी तुमचा उपास. गुरुवारी उपास. सोमवारी दोनदा आलात, दोनदा उपास. आज बुधवार. तुम्ही जेवता कधी?"

बाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"माझ्या किचनवर रिपोर्ट लिहिणारी बाई माझ्या किचनमधलं तोंडात घालत नाही. काय लिहिलंय, ते तरी सांगा."

"त्या डब्यात डुकराची चरबी आहे?" बाईंनी शेवटी विचारलं.

मिसेस लॉरेन्सनी डबा उचलून बाईंसमोर ठेवला. "डुक्कर माझ्या आईच्या घरात आलं नाही, माझ्या घरात येणार नाही. वनस्पती तूप आहे ते. आम्ही ॲडव्हेंटिस्ट, शनिवार पाळणारे ख्रिस्ती. शुक्रवारी सूर्य मावळला की माझा ओव्हन बंद. शनिवार देवाचा. आणि तुम्ही त्या दिवशी माझं दुकान उघडं ठेवलंत."

"मग बोलला का नाहीत?"

"शनिवारी धर्माने बंद, रविवारी इथल्या कायद्याने सगळ्यांचंच बंद. अशा बाईला दुकान कोण देतं? तुम्ही आधी ऑफिसात जाऊन हेच सांगितलं असतंत."

कदाचित सांगितलंही असतं. पण शनिवार पाळणाऱ्यांना रविवारी दुपारी दोनपर्यंत दुकान उघडता येतं, हे कलम ऑफिसातल्या पुस्तकात होतं. ज्यूंसाठी केलेलं, पण इतरांनाही लागू. फक्त चर्चचं पत्र हवं. विचारलं असतं तर पहिल्याच भेटीत काम झालं असतं. बाई डब्याकडे बघत बसल्या होत्या.

त्यांनी शनिवार खोडून रविवार लिहिला. तरीही मिसेस लॉरेन्सनी सही केली नाही. आधी सगळा फॉर्म दुसऱ्या कागदावर हाताने उतरवून घेतला, त्यावर बाईंची सही घेतली, कागद ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. मग पेन उचललं.

कौन्सिलची मदत मंजूर झाली आणि मार्चमध्ये दुकान उघडलं. पहिल्या रविवारी वैजयंतीबाईंनी गाडी अगदी दारासमोर लावली. मिसेस लॉरेन्सनी काउंटरवरून बनचा तुकडा पुढे केला आणि मागे रांग खोळंबलेली असताना, पहिला घास गिळून होईपर्यंत बाईंच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "नेक्स्ट."